सहा झाडं आणि एक बुडखा

आमच्या गल्लीतली सहाही झाडं एकाच आठवड्यात वाळायला लागली, तेव्हा मी सगळ्यात आधी संशय घेतला तो माझ्या बापावर. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. नंतर सांगायला गेले तर मी त्याला मुलामा देईन, माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मी उद्यान खात्यात झाडांची तपासनीस आहे. बावीस वर्षं हेच करते. लाकडी हातोडीने खोडावर ठोकायचं, आवाज ऐकायचा, आत भरीव आहे की पोकळ ते सांगायचं आणि कागदावर सही करायची. माझ्या सहीने झाड राहतं, माझ्या सहीने पडतं. खात्यातले लोक पाठीमागे मला ‘जज्जीणबाई’ म्हणतात. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते.

घरात बाबा आणि मी, दोघंच. आई जाऊन नऊ वर्षं झाली. बाबा जन्मभर प्लंबर. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण गल्लीत कुणाचा नळ गळायला लागला की अजून पहिली हाक त्यांनाच. दारासमोर फूटपाथच्या कडेला चिनारांची ओळ. बारा-बारा फुटांवर एकेक झाड, प्रत्येकाला काँक्रीटचा चौकोनी खड्डा. मुळात झाडं सात होती. शिंपीणकाकूंच्या दुकानासमोरचं एक तीन वर्षांपूर्वी ट्रकने मोडलं, ते आम्ही बुडापासून कापलं. तिथे गुडघ्याएवढा बुडखा तेवढा उरला.

शहरातल्या झाडांवर माझा जीव आहे, कारण ती बिलंदर असतात. रानातलं झाड आरामात वाढतं. रस्त्यावरच्या झाडाला सदानकदा डोकं चालवावं लागतं. आमच्या चिनारांची रस्त्याकडची पानं लहान आणि जाड, घरांकडची मोठी आणि मऊ. दिव्याच्या खांबाला चिकटलेली फांदी बाकीच्या फांद्या उघड्या पडल्या तरी तीन आठवडे पानं धरून बसायची, कारण दिवस संपला हे तिला कळतच नव्हतं. एका झाडाने लोखंडी कठड्याचा गज हळूहळू गिळून टाकला होता. तिसरं झाड दोन इमारतींच्या मधल्या उजेडाकडे कललं होतं आणि कलताना पडू नये म्हणून त्याने एका बाजूला वीतभर जास्त लाकूड भरलं होतं. खात्यात नवीन भरती झाली की मी त्यांना या ओळीसमोर उभं करायची आणि म्हणायची, शहरात कसं राहायचं ते यांना विचारा. यांच्या सगळ्या खोड्या मला पाठ आहेत, असा माझा समज होता.

बाबांचं मात्र त्या झाडांशी उभं वैर. सांडपाण्याच्या पाइपच्या सांध्याला केसाएवढी फट असली तरी मुळांना ओलाव्याचा पत्ता लागतो. दर वर्षी आमचं गटार तुंबायचं आणि बाबा त्यातून हातभर लांब मुळांचा झुपका ओढून काढायचे. तो झुपका हातात धरून, भर रस्त्यात उभं राहून ते ओरडायचे, “एक दिवस विष घालीन सगळ्यांना! मग बसा सावली शोधत!” अख्ख्या गल्लीने हे ऐकलेलं होतं. वर्षातून दोनदा तरी.

तर तो बुडखा. तीन वर्षं झाली तरी मरत नव्हता. कापल्या जागेवर कडेने नवी साल चढत होती. कोंब फुटायचे, आमचा करवतवाला महिन्याला येऊन ते खुडून जायचा. शेवटी अंधारात दोघंतिघं त्याला अडखळून पडले आणि साहेबांनी हुकूम काढला की बुडखा मारा. मारायची आमची पद्धत ठरलेली आहे. कडेने गिरमिटाने भोकं पाडायची, त्यात औषध ओतायचं, मेणाने बुजवायची, वर निळ्या रंगाचा पट्टा. खात्यात त्याला औषधच म्हणतात. मी स्वतःच्या हाताने ते केलं. एक थेंब इकडेतिकडे सांडू दिला नाही. उरलेली बाटली पिशवीत घातली आणि पिशवी नेहमीसारखी घरी दारामागे अडकवली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला.

“अगं, असशील तशी ये. झाडांना काय झालंय बघ.”

मी गेले आणि फूटपाथवर उभीच राहिले. ऐन पालवीचे दिवस. सकाळपर्यंत बरी दिसणारी झाडं, असं मी म्हणणार होते, पण ते खरं नाही. मी रोज त्यांच्याखालून ये-जा करत होते आणि वर बघितलंच नव्हतं. सहाही झाडांची कोवळी पानं पिवळी पडून वळली होती, काही तर दोरीसारखी पिळली होती. फूटपाथवर पानांचा सडा. मी पहिल्या झाडापासून सहाव्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. रोगाने असं होत नाही. रोग एका झाडाला धरतो, मग दुसऱ्याला. हे कुणीतरी केलेलं होतं.

चार दिवसांनी पानांच्या तपासणीचा कागद आला. साहेबांनी तो माझ्यासमोर सरकवला. त्यात जे नाव होतं ते आमच्या कपाटातल्या डब्यावर लिहिलेलं होतं.

“हे तर आपलंच औषध,” साहेब म्हणाले. “बुडख्याच्या वेळी तुमच्या हातून सांडलं वगैरे नाही ना?”

“साहेब, बावीस वर्षांत माझ्या हातून थेंब सांडलेला नाही. आणि सांडलं असतं तरी प्रत्येक झाड वेगळ्या खड्ड्यात आहे. मधे काँक्रीट आहे.”

“मग झाडं मारायचा गुन्हा नोंदवावा लागेल. पण कुणावर?”

मला दारामागची पिशवी आठवली.

घरी येऊन आधी बाटली उजेडात धरली. मला वाटलं होतं त्याहून कमी भरली. खरं म्हणजे किती उरली होती हे मी बघितलंच नव्हतं, पण त्या क्षणी तसं वाटलं नाही. बाबा टेबलाशी बसून कुणाच्या तरी नळाचा वॉशर कातरीने कापत होते.

“बाबा, या बाटलीला हात लावला होतात?”

“मी कशाला लावू?”

“एक दिवस विष घालीन असं कोण म्हणत होतं?”

“अगं, ते मी तीस वर्षं म्हणतोय. घातलं का कधी?”

“मग पानांत हेच औषध कसं निघालं? या घरात दोनच माणसं आहेत.”

त्यांनी कातर खाली ठेवली. बाटलीकडे बघितलं. “मला नाही बाई आठवत तिला हात लावल्याचं.”

तो एक शब्द मी झेलला. “आठवत नाही! गेल्या महिन्यात शेगडी पेटती ठेवून बाहेर गेलात, तेही आठवत नव्हतं. काकूंचा नळ एकाच दिवसात दोनदा दुरुस्त करायला गेलात, तेही नाही. मग हे कशाला आठवेल? तुम्हीच केलंय बाबा, आणि विसरलायत, एवढंच.”

बाबा गप्प झाले. एरवी शब्दाला शब्द लावणारा माणूस, पण एकदम गप्प. मला वाटलं, चोर सापडला.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. संशयित म्हणून बाबांचं नाव लिहिलं आणि पुढे ‘नातं: वडील’ असंही लिहिलं. लिहिताना आत कुठेतरी ऊर भरून आला होता. बघा, जज्जीणबाई बापालाही सोडत नाही. अशी मी.

अशी बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागतो? काकूंनी बाबांना बघून दुकानाचं दार लोटून घेतलं. तिसऱ्या दिवशी आमच्या दारावर कुणीतरी कागद चिकटवला, ‘झाडांचा खुनी’. मी तो फाडला, पण बाबांनी आधीच वाचला होता. नळासाठी येणाऱ्या हाका बंद पडल्या. बाबांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि घराबाहेर पडणं सोडलं.

घरात बसून ते मला प्रश्न विचारत.

“बाटली पिशवीच्या कुठल्या कप्प्यात होती गं?”

“बाहेरच्या.”

थोड्या वेळाने पुन्हा, “आणि तुझं गिरमीट? तेही पिशवीतच होतं?”

“हो.”

“बाटली घरी आणलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तू किती वाजता गेली होतीस कामावर?”

मी त्रोटक उत्तरं देत होते. आतल्या आत मला संताप येत होता. मला वाटलं, चौकशीत काय बोलायचं याची जुळवाजुळव चाललीय.

साहेबांना मात्र एका गोष्टीचं उत्तर हवं होतं. औषध घातलं कसं? मी सहाही खोडं पाण्याने धुऊन बोटांनी चाचपली होती. एकाही खोडाला भोक नव्हतं, खाच नव्हती. म्हणजे मातीखाली, मुळांवर घाव घातला असणार. तो सापडला की पुरावा पुरा. बापाविरुद्धचा पुरावा पुरा करायला मी स्वतः फूटपाथ उकरायची परवानगी काढली.

करवतवाला पाण्याचा फवारा घेऊन आला. कुदळीने मुळं तुटतात, म्हणून आम्ही माती पाण्याने धुऊन काढतो. बुडखा आणि शेजारचं झाड यांच्यामधल्या फरशा उचलल्या. काँक्रीटच्या खड्ड्याची भिंत दिसली, धडधाकट. भिंतीच्या खाली मात्र जुन्या नळाच्या चराची वाळू होती. नळ टाकताना खाली वाळू पसरतात. मऊ, ओलसर, हवा खेळती. वरच्या दगडासारख्या मातीत ज्या मुळांना शिरता येत नव्हतं, त्यांना खाली ही आयती वाट सापडली होती. सातही झाडांची मुळं भिंतीखालून बुडी मारून तिथेच गोळा झाली होती.

“बाई,” करवतवाल्याने फवारा बंद केला. “यातलं कुठलं कुणाचं?”

मी चरात उतरून गुडघ्यावर बसले. बुडख्याकडून मनगटाएवढं मूळ येत होतं. झाडाकडून तसंच दुसरं. ती दोन्ही जिथे एकमेकांना भिडली होती तिथे मी सांधा शोधत होते. नखाने खरवडलं. सांधा नव्हता. साल एकसलग होती. मी करवत मागून घेतली आणि ते मूळ आडवं कापलं. आतलं लाकूड एकच होतं. आणि त्या लाकडाच्या मधोमध तपकिरी डाग होता. पुढे कापलं, डाग होताच. झाडाच्या बुडापर्यंत डाग होता.

“तिकडचंही उघड,” मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळी ओळ उघडली. सहाही झाडं आणि बुडखा खाली एकमेकांना चिकटून एक झाली होती. जागाच एवढी अरुंद, की वर्षानुवर्षं एकमेकांवर दाबून मुळांनी आपापली साल सोडून दिली होती आणि रस एक केला होता. दाट रानात असं होतं, हे मी शिकले होते. काँक्रीटच्या खड्ड्यांत लावलेल्या रस्त्यावरच्या झाडांत असं होईल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तीन वर्षं एकही पान अंगावर न राहिलेला बुडखा जगत कशावर होता? हा प्रश्न नवख्या पोरीलाही पडला असता. सहा झाडं त्याला खाऊ घालत होती. आपल्या पानांतलं अन्न खालून त्याला पोचवत होती. आणि मी त्याच्या कडेला भोकं पाडून काठोकाठ विष भरलं, वर मेण लावलं. ते ज्या वाटेने अन्न येत होतं त्याच वाटेने सहाही झाडांत गेलं.

बुडखा मारायच्या आधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना आहे, ‘शेजारच्या झाडांची मुळे उकरून तपासली का?’ आम्ही सगळे तिथे ‘होय’ लिहितो. फरशा काढायच्या, पुन्हा बसवायच्या, कोण करतं? मीही ‘होय’ लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात. चरातल्या चिखलात बसून मी मोठ्याने म्हणाले, “मी मारली.” करवतवाल्याने मान खाली घातली.

तशीच चिखलाच्या कपड्यांनी मी ऑफिसात धावले. साहेब निघायच्या तयारीत होते.

“साहेब, माझा अहवाल परत द्या. तो चुकीचा आहे.”

“आता कशाला?” ते म्हणाले. “सकाळी तुमचे वडील येऊन गेले. लिहून दिलंय त्यांनी.”

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. कागदावर बाबांचं वळणदार, सावकाश अक्षर. ‘मंगळवारी मुलगी कामावर गेल्यावर मी तिच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून बाटली आणि गिरमीट काढले. सहाही झाडांना बुडाशी भोके पाडली. औषध घालताना उजव्या हातावर सांडले, म्हणून हात साबणाने तीनदा धुतला. मुलीचा यात काही दोष नाही.’ खाली सही.

“साहेब, हे खोटं आहे. झाडांना भोकंच नाहीत!” मी सगळं सांगितलं, मुळं, डाग, रकाना, सगळं. साहेब बराच वेळ पेन उघडझाप करत राहिले.

“तुमची नोकरी अजून अकरा वर्षं आहे,” ते शेवटी म्हणाले. “आणि तो रकाना, बाई, एकट्या तुमचा नाही. सगळं खातं अडकेल. म्हाताऱ्यांना समज देऊन सोडू. त्यांनी स्वखुशीने लिहून दिलंय. मिटलंय ते मिटू द्या.”

मी खोटं बोलणार नाही. क्षणभर मी त्याचा विचार केला. मग मला दारावरचा तो कागद आठवला आणि स्वतःची शिसारी आली. मी साहेबांच्याच टेबलावरून कोरा कागद ओढला आणि उभ्या-उभ्या लिहून दिलं, की औषध मी घातलं, मुळं न तपासता ‘होय’ मी लिहिलं. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण कागद घेतला.

घरी येताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता. माझी नोकरी वाचावी म्हणून या माणसाने खुन्याचं नाव कपाळी लावून घेतलं! एवढ्या बारकाव्यांनिशी खोटं लिहून दिलं! आणि मी काय केलं होतं त्याच्यासाठी?

बाबा टेबलाशी बसले होते. समोर काहीच नव्हतं, नुसतेच बसले होते.

“कशाला खोटं लिहून दिलंत?” मी दारातूनच ओरडले. “मी मागितलं होतं का तुमच्याकडे?”

त्यांनी वर बघितलं. “खोटं?”

“ते भोकांचं, हातावर सांडल्याचं. माझ्यासाठी रचलंत ना सगळं?”

“रचलं नाही गं,” बाबा म्हणाले. “आधी आठवत नव्हतं, हे खरं. तू म्हणालीस तेव्हा मी डोकं खूप ताणलं. तीन रात्री झोपलो नाही. मग हळूहळू आठवायला लागलं. आधी बाटलीचं आठवलं, मग गिरमिटाचं. सांडलं तो हात अजून चुरचुरतो बघ.”

त्यांनी उजवा तळवा पुढे केला. धुऊन धुऊन सोलवटला होता.

मी खुर्ची ओढून बसले. मला वाटलं होतं माझा बाप माझ्यासाठी खोटं बोलला. तो खोटं बोलतच नव्हता. मी त्याला एवढ्या खात्रीने सांगितलं होतं, की त्याने स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता.

“बाबा, तुम्ही नाही केलं.”

“अगं, पण मला दिसतंय ना. भोकंसुद्धा दिसतात.”

“त्या झाडांना एकही भोक नाही. मी सगळी खोडं धुऊन बघितली आहेत. विष मी घातलं, बाबा. त्या बुडख्यात. खाली मुळं एक झालेली होती आणि मी उकरून बघितलं नाही. तुम्ही बाटलीला हातही लावलेला नाही.”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांचा तो सोललेला हात धरला. थंडगार होता.

“म्हणजे मी नाही?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की, बाबा.”

“मला वाटलं, माझं डोकं गेलं,” ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “आज झाडं, उद्या आणखी काय करून बसेन आणि आठवणारही नाही. या भीतीनेच सही करून आलो, म्हटलं निदान कोंडून तरी ठेवतील.”

माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं. उठले, खणातून एक कागद आणि पेन काढून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“हे सगळं लिहून दे.”

“ऑफिसात दिलंय मी लिहून.”

“तिथे नको. मला दे. उद्या सकाळी मला पुन्हा ती भोकं दिसली, तर मी काय वाचू?”

मी लिहिलं. ‘झाडं मी मारली. बाबांनी मारली नाहीत. त्यांनी बाटलीला हात लावलेला नाही.’ खाली सही केली. बाबांनी चष्मा पुसून ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

“तारीख घाल,” ते म्हणाले.